फिकट चेहऱ्याची मिस्सा

प्रश्न : पंधराव्या शतकातल्या गियोम द्यू फाय या संगीतकाराची एक मिस्सा मध्यंतरी ऐकली. सोबतच्या माहितीत लिहिलं होतं की तिच्या पायाशी त्याच्याच एका प्रेमगीताची चाल आहे. चर्चमधल्या पूजाविधीत प्रेमगीत? तेही एका धर्मगुरूनं रचलेलं? त्या काळी कुणी हरकत घेतली नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही ऐकलेली रचना बहुधा ‘से ला फास ए पाल’ या नावाची असणार. द्यू फायच्या उरलेल्या रचनांत स्वतःच्याच प्रेमगीतावर उभी केलेली मिस्सा म्हणून हीच गाजलेली आहे. मूळ गाणं 1430च्या दशकातलं, तीन आवाजांचं. प्रेमानं माझा चेहरा फिका पडलाय, अशी एका प्रियकराची कैफियत. मिस्सा 1450च्या दशकातली, चार आवाजांची. मध्ये पंधरावीस वर्षं गेली.

वसई-गोव्याकडच्या कॅथलिक घरांत मिस्सा हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे, पण इतर वाचकांसाठी दोन ओळी. या विधीत कीरिए, ग्लोरिया, क्रेडो, सांक्तुस आणि आन्युस देई हे पाच भाग असे आहेत की सण कुठलाही असो, त्यांचे शब्द बदलत नाहीत. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या रचनाकारांनी एक शक्कल काढली : एखादी जुनी चाल घ्यायची, ती पाचही भागांत एका आवाजाकडे सोपवायची आणि बाकीचे आवाज तिच्याभोवती विणायचे. पाच सुटे तुकडे त्यामुळे एका कृतीत बांधले जातात. चाल अर्थातच चर्चच्या जुन्या गायनातली असे. द्यू फायनं तिथं स्वतःचं गाणं आणून ठेवलं. असं करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या रचनाकारांत तो मोडतो.

आता ‘चर्चमध्ये प्रेमगीत’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे लगेच गणेशोत्सवाचा मांडव येतो आणि गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवरची आरती ऐकू येते. तिथं चाल ओळखू यावी हाच तर हेतू असतो. द्यू फायच्या मिस्सेत नेमकं उलटं घडतं. गाण्याची चाल टेनर या आवाजाला दिलेली आहे, म्हणजे चार थरांच्या मधोमध. वर दोन आवाज चपळाईनं हिंडतात, खाली एक आधाराला असतो आणि टेनर एकेक स्वर धरून उभा राहतो. कीरिए, सांक्तुस आणि आन्युस देई या भागांत प्रत्येक स्वर मूळ गाण्याच्या दुप्पट लांबीचा. भरल्या चर्चमध्ये बसलेल्या माणसाला ‘अरे, हे तर आपलं ते गाणं’ असं वाटण्याची शक्यता फारशी नाही.

पण ग्लोरिया आणि क्रेडो हे दोन भाग नीट ऐका, कारण खरी गंमत तिथं केलेली आहे. या दोन्ही भागांत चाल तीनदा येते. पहिल्यांदा प्रत्येक स्वर तिप्पट लांब, दुसऱ्यांदा दुप्पट, तिसऱ्यांदा गाण्यात होता तेवढाच. म्हणजे आधी जी चाल पायातल्या दगडासारखी निश्चल पडून होती ती टप्प्याटप्प्यानं हलायला लागते आणि शेवटी मूळ वेगानं धावते. मूळ गाण्याच्या अखेरीस आवाज तुतारीच्या स्वरांवर उड्या घेतात. ती जागा ग्लोरियाच्या शेवटी आली की सगळे आवाज तिच्या तालावर चढतात, आणि तिथं मात्र ज्याला गाणं पाठ आहे त्याचे कान टवकारतात. हे सगळं आकडेमोडीनं बसवलेलं आहे, पण ऐकताना आकडे जाणवत नाहीत. जाणवतं ते एवढंच की आतून काहीतरी वेग घेतंय.

मग प्रेमगीतच का? एक साधं उत्तर असं की फ्रान्स आणि बर्गंडीकडच्या दरबारी कवितेतली अप्राप्य, थोर, दयेची याचना जिच्याकडे करायची ती ‘बाई’ आणि चर्चमधली कुमारी मारिया यांच्यासाठी वापरायची भाषा जवळपास एकच होती. फिक्या चेहऱ्याबद्दल मात्र याहून नेमका एक तर्क आहे. मिस्सा रचली त्या सुमारास द्यू फाय सव्हॉयच्या ड्यूकच्या दरबारी होता. याच ड्यूक लुईनं 1453मध्ये एक कापड मिळवलं, ज्यावर ख्रिस्ताच्या मृतदेहाची फिकट छाया उमटली आहे अशी श्रद्धा होती. आज ते तुरीनमध्ये आहे आणि ‘तुरीनचं कफन’ म्हणून जगभर माहीत आहे. अ‍ॅन वॉल्टर्स रॉबर्टसन या अभ्यासिकेनं मांडलंय की मिस्सेतला फिका चेहरा हा या कापडावरचा चेहरा. मानवजातीवरच्या प्रेमापायी ज्याचा रंग उडाला तो ख्रिस्त. पुरावा परिस्थितिजन्य आहे, तरी मला हा तर्क पटतो. प्रेमगीताचं पहिलं वाक्य ख्रिस्ताच्या तोंडी घातलं तर शब्दही बदलावा लागत नाही. (कापडाची 1988 साली कार्बन चाचणी झाली आणि ते 1260 ते 1390 या काळातलं निघालं, हा भाग वेगळा. द्यू फायला आणि त्याच्या ड्यूकला त्याची फिकीर असण्याचं कारण नव्हतं.)

देवाणघेवाण एकाच दिशेनं चाले असंही नाही. 1453मध्येच कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडलं. द्यू फायनं त्यावर विलापगीतं लिहिली. फ्लॉरेन्सच्या पिएरो आणि जोव्हान्नी द मेदिची या भावांना जिनिव्हाहून लिहिलेल्या पत्रात तो अशा चार विलापांचा उल्लेख करतो. आज त्यांतला एक उरला आहे. त्यात वरचा आवाज फ्रेंचमध्ये गातो, अगदी दरबारी गाण्याच्या ढंगात, पण गाणारी आहे कॉन्स्टँटिनोपलची धर्ममाता, आपली पोरं हिरावली म्हणून आकांत करणारी. टेनर त्याच वेळी लॅटिनमध्ये बायबलातल्या यिर्मयाच्या विलापाची चाल म्हणतो. याला चर्चचं संगीत म्हणायचं की दरबाराचं, असा प्रश्न पडलाच तर तो आपला आहे, त्याचा नव्हे.

हरकत घेतली गेली, पण शंभरेक वर्षांनी. प्रोटेस्टंट बंडानंतर कॅथलिक चर्चनं ट्रेंट इथं धर्मपरिषद भरवली. तिनं 1562मध्ये ठरवलं की पूजेच्या संगीतात कामुक किंवा अशुद्ध असं काही मिसळू नये. पळवाटा तरीही निघाल्या. ‘लोम आर्मे’, म्हणजे ‘हत्यारबंद माणूस’, या एका साध्या गाण्यावर द्यू फायपासून पुढे चाळीसच्या वर मिस्सा झाल्या आहेत. ट्रेंटनंतरच्या काळातला सर्वांत प्रतिष्ठित चर्चसंगीतकार पालेस्त्रिना यानंही त्या चालीवर दोन रचल्या. त्यांतली एक 1582मध्ये छापली तेव्हा वर नुसतं ‘चौथी मिस्सा’ असं लिहिलं. चाल तीच, फक्त पाटी बदललेली.

राहिला धर्मगुरूचा मुद्दा. इथं द्यू फायचं आयुष्यच सांगायला हवं, कारण आपण धर्मगुरू म्हणताना जो माणूस डोळ्यांपुढे आणतो तो हा नव्हे. जन्म बहुधा 1397चा, ब्रसेल्सजवळचा. आई मारी, बाप कुणी धर्मगुरू. लग्नाचं नातं अर्थातच नाही. अशा मुलाला चर्चमध्ये पद मिळवायचं तर खास सवलत मिळवावी लागे. 1409मध्ये तो कांब्रेच्या कॅथीड्रलमध्ये बालगायक म्हणून लागला. त्या काळी गरीब घरच्या हुशार, गळा असलेल्या पोराला शिक्षण, लॅटिन, जेवण आणि पुढे नोकरी देणारी हीच एक मोठी संस्था होती. सुरेल आवाजाचा मुलगा चर्चमध्ये जाई तो वैराग्य आलं म्हणून नव्हे.

विशीत तो इटलीत, रिमिनी आणि पेझारोच्या मालातेस्ता घराण्याकडे पोचला. 1423मध्ये त्या घरातल्या कार्लोचं लग्न व्हित्तोरिया कोलोन्नाशी झालं तेव्हा द्यू फायनं एक खणखणीत बल्लाद, म्हणजे दरबारी गाणं, रचली. 1426मध्ये उत्तर फ्रान्समधलं लाँ हे गाव सोडताना त्यानं जे गाणं लिहिलं त्यात तिथल्या उत्तम वाईनला, बायांना आणि मित्रांना निरोप आहे, आणि क्रमात वाईन पहिली. दोन वर्षांत हाच माणूस दीक्षित धर्मगुरू झाला आणि रोममध्ये पोपच्या गायकवृंदात दाखल झाला. 1433पर्यंत तिथं, मग सव्हॉय, मग पुन्हा पोपकडे. मध्येच कॅनन लॉची, म्हणजे चर्चच्या कायद्याची, पदवी. 1436मध्ये कांब्रेच्या कॅथीड्रलचं कॅननपद मिळालं. पुढे मों इथल्या संत वोद्र्यूच्या चर्चचंही. कॅननपद म्हणजे जन्मभराची मिळकत. संगीतकाराला पगार देणारी दुसरी कुठली पक्की व्यवस्था नव्हती. दरबार गाण्याबद्दल मान देई, अंगरखे देई. पेन्शन चर्चच देई. त्यामुळे एकाच माणसानं सकाळी वेदीपुढे गावं आणि संध्याकाळी ड्यूकच्या जेवणाला रोंदोसारखं दरबारी गाणं रचावं यात कुणाला दुटप्पीपणा दिसत नसे. 1439पासून तो कांब्रेला राहू लागला. आई तिथंच वारली, 1444मध्ये, आणि तिला कॅथीड्रलमध्ये पुरण्यात आलं. एका अनौरस मुलाच्या आईला तिथं जागा मिळाली, यावरून मुलाचं वजन काय होतं ते कळतं.

त्याच्या काळातल्या मार्तँ ल फ्राँ या कवीनं सव्हॉयच्याच दरबारात बसून एक लांबलचक काव्य लिहिलं. त्यात तो द्यू फाय आणि त्याचा समकालीन बँश्वा यांची तारीफ करतो आणि जाता जाता सांगून टाकतो की बर्गंडीच्या दरबारातल्या दोन आंधळ्या वादकांचं वादन ऐकून बँश्वाची मान खाली गेली आणि द्यू फायच्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण असं गोड आपल्याला साधत नाही. स्तुतिकाव्यात असली चहाडी फार क्वचित सापडते.

प्रश्न : फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा प्रचंड घुमट ज्या प्रमाणात बांधला त्याच प्रमाणात द्यू फायनं एक रचना केली, असं एका व्याख्यानात ऐकलं. हे कितपत खरं?
– एक वास्तुविशारद, पुणे

उत्तर : रचना खरी, प्रसंग खरा, प्रमाणही खरं. घुमट मात्र त्यातून वजा करावा लागेल.

25 मार्च 1436 रोजी पोप युजीन चौथा यानं कॅथीड्रलचं अभिषेचन केलं. रोममधल्या बंडामुळे पोप दोन वर्षांपूर्वी पळून फ्लॉरेन्सला आला होता आणि सांता मारिया नोव्हेला इथं राहत होता. तिथून कॅथीड्रलपर्यंत रस्त्याच्या वर लाकडी मार्ग उभारला होता, गर्दीतून पोपला चालता यावं म्हणून. वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा घुमट पूर्ण होत आला होता. पोपच्या गायकांत द्यू फाय होता आणि त्यानं या दिवसासाठी ‘नूपेर रोझारूम फ्लोरेस’ हे मोतेत, म्हणजे लॅटिन शब्दांचं अनेक आवाजांचं गीत, रचलं. शब्दांतले गुलाब म्हणजे पोपनं कॅथीड्रलला दिलेला सोन्याचा गुलाब.

चार आवाज. त्यांतले खालचे दोन टेनर एकाच चालीचे, चर्चच्या अभिषेचनाच्या मिस्सेतल्या प्रवेशगीताच्या चालीचे स्वर गातात, पण एकमेकांपासून पंचमाच्या अंतरावर आणि एकमेकांना अडखळत, पुढेमागे. हे दोघे चारदा येतात आणि दरवेळी त्यांच्या स्वरांची लांबी बदलते. या चार वेळांचं प्रमाण 6:4:2:3.

चार्ल्स वॉरन यांनी 1973मध्ये लेख लिहून हे आकडे घुमटाच्या मापांशी जुळवले. घुमटाला दोन कवचं, इथं टेनरही दोन. कल्पना इतकी देखणी होती की ती पाठ्यपुस्तकांत, सहलीच्या पुस्तिकांत आणि व्याख्यानांत जाऊन बसली. 1994मध्ये क्रेग राइट यांनी ती उखडली. एक तर इमारतीची मापं तशी भरत नाहीत. दुसरं म्हणजे हे प्रमाण शोधायला गवंड्याच्या दोरीची गरजच नाही, बायबल पुरेसं आहे. राजांच्या पहिल्या ग्रंथात शलमोनाचं मंदिर 60 हात लांब, 20 हात रुंद, 30 हात उंच सांगितलं आहे. त्यातलं पुढचं दालन 40 हात आणि आतला परमपवित्र गाभारा 20. साठ, चाळीस, वीस, तीस. अभिषेचनाच्या विधीत प्रत्येक चर्च हे शलमोनाच्या मंदिराचाच अवतार मानलं जातं, आणि टेनरची चालही ‘हे देवाचं घर’ असं सांगणाऱ्या गीताची. शिवाय रचनेत सातचा खेळ आहे, आणि मंदिर सात वर्षांत बांधलं गेलं असं बायबल सांगतं.

तुम्ही वास्तुविशारद आहात, म्हणून मोह कळतो. पण पोपच्या गायकवृंदातला, कायदा शिकलेला धर्मगुरू ब्रुनेलेस्कीच्या परांचीवर चढून मापं घेतो यापेक्षा तो रोज वाचायचा ग्रंथ उघडतो हे अधिक संभवतं. त्या दिवशी हजर असलेल्या जानोत्सो मानेत्ती यांनी मागे वर्णन ठेवलंय. त्यात स्वर्गीय आवाजांनी भारून गेल्याचं आहे, गणिताचं नाही.

प्रश्न : यातलं काही ऐकलेलं नाही. रागसंगीताचा कान आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : गाण्यांपासून. सत्तर-ऐंशी गाणी उरली आहेत, बरीचशी तीन-चार मिनिटांची. ‘से ला फास ए पाल’ हे मूळ गाणं आधी चार-पाच वेळा ऐकून डोक्यात बसवा आणि मगच मिस्सेतला ग्लोरिया लावा. उलट क्रमानं ऐकलंत तर वर सांगितलेली गंमत हुकेल.

त्यानंतर त्याची स्तोत्रं. इथं तुमच्या कानाला ओळखीचं काही सापडेल. एक कडवं जुन्या चर्चगायनाचं, एकसुरी; पुढचं कडवं तीन आवाजांत; पुन्हा एकसुरी. तीन आवाज, पण कागदावर ओळी दोनच : वर सजवलेली मूळ चाल, खाली बहुतेक सहाव्या स्वराच्या अंतरानं चालणारा आवाज. मधल्या गायकासाठी काहीच लिहिलेलं नाही. त्यानं वरच्या गायकाकडे लक्ष ठेवून तेच स्वर सा आणि म यांच्यात असतं तेवढ्या अंतरानं खाली गायचे. या पद्धतीला फोबुर्दों म्हणतात. त्यातून जे गोड, भरीव, किंचित हेलकावणारं संगीत निघतं ते मला त्याच्या मोठ्या मोतेतांपेक्षा अधिक आवडतं, हे कबूल करायला हरकत नाही. बुद्धीची करामत कमी असली म्हणून संगीत कमी होत नाही.

मग ‘आवे रेजिना चेलोरुम’, चार आवाजांचं, 1460च्या दशकातलं. मारियेच्या या पारंपरिक स्तुतीत त्यानं मध्येमध्ये स्वतःचे शब्द घुसवले आहेत : मरणाऱ्या द्यू फायवर दया कर, असं स्वतःचं नाव घेऊन. दयेच्या त्या शब्दापाशी गंधार एकदम कोमल होतो. रागसंगीत ऐकणाऱ्याला ही जागा दाखवावी लागत नाही. मृत्युपत्रात त्यानं लिहून ठेवलं होतं की अखेरची घटका आली की आधी आठ गायकांनी बिछान्याशी हलक्या आवाजात एक स्तोत्र म्हणावं आणि मग बालगायकांनी, त्यांच्या गुरूनं आणि आणखी दोघांनी मिळून हे मोतेत. 27 नोव्हेंबर 1474 रोजी तो गेला तेव्हा एवढी जमवाजमव करायला वेळच मिळाला नाही. दोन्ही रचना नंतर अंत्यविधीत गायल्या गेल्या. दयेची तीच जागा त्यानं आपल्या ‘आवे रेजिना’ मिस्सेतल्या आन्युस देईमध्ये पुन्हा वापरली आहे, तीही लागोपाठ ऐकून पाहा. कांब्रेचं कॅथीड्रल फ्रेंच राज्यक्रांतीनंतर विकून पाडलं गेलं. द्यू फायची समाधीशिला 1859मध्ये सापडली ती एका विहिरीचं झाकण म्हणून. आता ती लीलच्या संग्रहालयात आहे. शिलेवर पुनरुत्थित ख्रिस्तापुढे गुडघे टेकलेला द्यू फाय आहे, शेजारी संत वोद्र्यू. आपल्या नावातल्या ‘फा’ या अक्षरांच्या जागी तो सही करताना स्वरलिपीतला ‘फा’ काढत असे.

ध्वनिमुद्रणं पुष्कळ आहेत. ‘फिकट चेहऱ्या’साठी डेव्हिड मनरो यांचं सत्तरच्या दशकातलं मुद्रण सोयीचं, कारण त्यात गाणंही आहे, गाण्याची जुनी वाद्यरूपंही आहेत आणि मग मिस्सा. त्यांनी गायकांच्या जोडीला वाद्यं वापरली आहेत. अभ्यासक आज त्यावर नाक मुरडतात, कारण निदान कांब्रेच्या कॅथीड्रलमध्ये तरी ऑर्गनसुद्धा नव्हता, सगळं गळ्यावर चाले. तुम्ही मात्र पहिल्या खेपेला वाद्यांचंच ऐका. टेनरची चाल वाद्यावर असली की ती इतर आवाजांतून वेगळी काढता येते. एकदा ती सापडली की नुसत्या आवाजांचं हिलियर्ड एन्सेम्बलचं ‘लोम आर्मे’ घ्या.